स्थूल मुलांसाठी चालता फुटबॉल : शाळेत सुरुवात कशी करावी

आपल्याकडील बहुतेक शाळांत पीटीच्या तासाची सुरुवात मैदानाच्या दोन फेऱ्यांनी होते. पहिल्या फेरीतच वर्गातील दोन-तीन मुले मागे पडतात, दुसऱ्या फेरीत चालू लागतात, आणि बाकीचा वर्ग कवायतीला उभा राहिल्यावर धापा टाकत रांगेच्या शेवटी येऊन मिळतात. पुढे भिडू वाटताना त्यांची नावे सर्वांत शेवटी येतात आणि सामना सुरू झाला की त्यांना गोलकीपर म्हणून गोलात उभे केले जाते. दिवाळीपर्यंत हीच मुले आज पोट दुखते, उद्या बूट विसरले अशी कारणे सांगून वर्गातच बसून राहू लागतात. ज्यांना हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच तासाबाहेर काढणारी ही पद्धत कोणी मुद्दाम आखलेली नसते, परंतु ती वर्षानुवर्षे चालू राहते. सोलापुरातील ज्या क्रीडाशिक्षकांना, वर्गशिक्षकांना किंवा पालकांना ती बदलायची आहे, त्यांच्यासाठी चालता फुटबॉल हा कमी खर्चाचा आणि समजायला सोपा मार्ग आहे. तो शाळेच्या साध्या मैदानावर कसा बसवावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

चालता फुटबॉल इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे २०११ साली सुरू झाला. वयामुळे नेहमीचा फुटबॉल सोडून द्यावा लागलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना पुन्हा मैदानावर आणणे हा त्यामागचा हेतू होता. त्यातील मूळ अट एकच आहे : चेंडू जवळ असो वा नसो, कोणीही धावायचे नाही, एक पाय सतत जमिनीला टेकलेला असला पाहिजे. ज्येष्ठांसाठी केलेली ही अट स्थूल मुलांनाही उपयोगी पडते, याचे कारण सांध्यांवर येणाऱ्या भारात आहे. चालताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीरावर येणारा दाब वजनाच्या साधारण सव्वापट असतो, तर धावताना तो दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या मुलाच्या पायावर चालताना सुमारे ७५ किलो आणि धावताना १२० ते १८० किलोंइतका भार दर पावलाला येतो. शिवाय तेवढेच अंतर चालण्यासाठी जड शरीराला अधिक ऊर्जा लागते, त्यामुळे भरभर चालणे हाच या मुलांसाठी पुरेसा व्यायाम ठरतो आणि त्यांना दमवण्यासाठी पळवण्याची गरज उरत नाही.

एक निर्णय मात्र पहिल्याच दिवशी घ्यावा. हा ‘जाड मुलांचा वेगळा वर्ग’ असता कामा नये. सगळा वर्ग एकत्र खेळेल आणि धावण्याची बंदी सर्वांना सारखीच असेल, हे ठरले तरच उपक्रम टिकतो. निवडक मुलांना बाजूला काढून त्यांच्यासाठी खास खेळ ठेवला, तर तो खेळ कितीही चांगला असला तरी त्यावर शिक्का बसतो आणि आठवडाभरात मैदान रिकामे होते. धावायला मनाई असल्यावर वर्गातील सर्वांत वेगवान मुलाचा वेगही कामाचा राहत नाही, आणि चेंडू कोठे येईल याचा अंदाज घेणारा, योग्य वेळी पास देणारा मुलगा उठून दिसतो. असा मुलगा अनेकदा आजवर गोलात उभा केलेला असतो. तेथे उभे राहून त्याने सामना पाहिलेला असतो.

सुरुवात करण्यापूर्वी

पालकांना एक छोटी चिठ्ठी पाठवून दमा, हृदयविकार, फिट येणे, व्यायाम करताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे, तसेच गुडघा वा खुबा दुखणे यांपैकी मुलाला काही आहे का, हे विचारून घ्यावे. रात्री मोठ्याने घोरणारा आणि दिवसा वर्गात पेंगणारा मुलगा आळशी आहे असे गृहीत धरू नये. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास स्थूल मुलांत आढळतो आणि तो डॉक्टरांना दाखवण्यासारखा असतो. मानेवर किंवा काखेत दिसणारा मखमली काळेपणा हा पुष्कळदा मळ समजून घासला जातो. अनेकदा तो शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो, म्हणून तोही तपासून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीसाठी येते, त्या दिवशी अशा मुलांची नावे तयार ठेवावीत. एरवी सिव्हिल हॉस्पिटलचा बालरोग विभाग आहेच.

एका तक्रारीकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. साधारण १० ते १६ वर्षांचा स्थूल मुलगा किंवा मुलगी लंगडत असेल आणि मांडी, जांघ किंवा नुसता गुडघा दुखतो असे सांगत असेल, तर खुब्यातील हाडाचा गोळा वाढीच्या कूर्चेवरून सरकलेला असण्याची शक्यता असते. या आजारात दुखणे खुब्याचे असले तरी ते गुडघ्यात जाणवू शकते, त्यामुळे घरी गुडघ्याला तेल चोळत बसण्यात मोलाचे दिवस जातात. अशा मुलाचा खेळ लगेच थांबवावा, त्याला त्या पायावर भार देऊ देऊ नये आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेऊन क्ष-किरण तपासणी करवून घ्यावी.

मूल स्थूल आहे की नाही, हे मोठ्या माणसांच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या मापाच्या) आकड्यांवरून ठरवू नये. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे वाढ-तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठीचे तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले असून डॉक्टर तेच वापरतात. शिक्षकाला या खेळासाठी त्या आकड्याची गरजही नाही.

मैदान, चेंडू आणि बूट

वेगळे मैदान शोधण्याचे कारण नाही. आपल्या बहुतेक शाळांत खो-खोचे मैदान असते. त्याची लांबी २७ मीटर आणि रुंदी १६ मीटर असते, आणि पाच विरुद्ध पाच चालता फुटबॉल खेळायला एवढी जागा नेमकी पुरते. दोन्ही टोकांचे खांब काढता येत असतील तर काढावेत. पक्के रोवलेले असतील तर ते मैदानाबाहेर राहतील अशी फक्कीची नवी रेघ अलीकडे मारावी. गोलासाठी दगड किंवा विटा ठेवू नयेत, कारण पाय मुरगळण्याचे ते पहिले निमित्त असते. वाळूने अर्ध्या भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या चालतात. दोन बाटल्यांत दोन मीटर अंतर ठेवावे आणि गोलासमोर तीन मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखावे. त्याचे काम पुढे नियमांत येईल.

आपल्याकडचा मुरूम पावसाळ्यानंतर घट्ट बसतो आणि त्यावर बारीक खडे मोकळे राहतात, ज्यांवरून चालतानाही पाय घसरतो. खेळण्यापूर्वी वर्गातील चार मुलांनी खराट्याने मैदान झाडून घ्यावे. काळ्या मातीचे मैदान असेल तर पाऊस पडून गेल्यावर ते वाळेपर्यंत त्यावर खेळू नये, एवढे पुरे.

चेंडू चार नंबरचा घ्यावा. फुटसालचा, म्हणजे छोट्या मैदानावरील फुटबॉलचा चेंडू मिळाल्यास उत्तम, कारण तो कमी उसळतो आणि कडक जमिनीवरही पायाजवळ राहतो. तो महाग वाटत असेल तर साध्या चार नंबरच्या चेंडूतील थोडी हवा काढावी. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबला पाहिजे.

बुटांचा विषय वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट तळाला पातळ असतात, आणि स्थूल मुलांचे पाय रुंद असल्याने ते बाजूंनी आवळतात. बऱ्याच मुलांचे तळवे सपाटही असतात आणि बुटाची आतली कड आधी झिजते. बूट घेताना मुलाला उभे करून, मोजा घालून माप घ्यावे. पुढे अंगठ्याएवढी जागा उरावी. अनवाणी खेळवू नये. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात, ही या मुलांची न बोलली जाणारी अडचण आहे. हाफ पँटच्या आत गुडघ्यापर्यंतची घट्ट सायकलिंग घातली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस थोडे खोबरेल तेल लावले, तर हा त्रास बराच कमी होतो. पालकांच्या सभेत ही गोष्ट सर्वांसाठी म्हणून सांगावी, एखाद्या आईला बाजूला घेऊन नव्हे. मुलींना ट्रॅक पँट घालून खेळण्याची मुभा द्यावी आणि ओढणी वर्गातच ठेवण्यास सांगावे.

नियम, आणि ते तसे का आहेत

पहिला नियम अर्थातच न धावण्याचा. मुले पहिल्याच दिवशी यातून पळवाट काढतात : गुडघे वाकवून, तुरुतुरु पावले टाकत ती जवळजवळ धावतात. पंचाने मुलाच्या डोक्याकडे न पाहता पायांकडे पाहावे. दोन्ही पाय एकाच वेळी हवेत दिसले की शिट्टी. शंका असेल तेव्हाही शिट्टी द्यावी, कारण सुरुवातीचे दोन आठवडे सैलपणा दाखवला की वेगवान मुले पुन्हा धावू लागतात आणि खेळ मूळ पदावर येतो. शिक्षा एवढीच, की चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो आणि त्या फटक्यावर थेट गोल करता येत नाही. मैदानाबाहेर काढण्याची शिक्षा ठेवू नये. मूल मैदानावर राहावे म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे.

दुसरा नियम अंगाला अंग न लावण्याचा. चेंडू असलेल्या खेळाडूपासून हातभर अंतर राखून उभे राहावे आणि चेंडू त्याच्या पायापासून सुटला की मगच घ्यावा. मागून पाय घालणे आणि घसरत येऊन चेंडू काढणे पूर्ण बंद.

मूळ खेळात चेंडू डोक्याच्या उंचीपेक्षा वर जाऊ देत नाहीत. शाळेसाठी ही मर्यादा गुडघ्यापर्यंत खाली आणावी. उंच गेलेला चेंडू पाहिला की मुलांचे पाय आपोआप धावू लागतात, आणि जमिनीवरून येणारा चेंडू अडवणे नवख्या मुलाला सोपे जाते.

एका खेळाडूने चेंडूला सलग तीनदाच पाय लावावा आणि मग पास द्यावा. गोल करण्यापूर्वी संघातील किमान तीन पास झालेले असावेत. येथे अनेक शिक्षकांना एक उदार कल्पना सुचते, ती म्हणजे संघातील प्रत्येकाचा पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या नियमामुळे चार जणांचा स्पर्श झाल्यावर सगळा संघ पाचव्याकडे बघत उभा राहतो, तो पाचवा कोण असतो हे सांगायला नको, आणि त्याच्याकडून चेंडू सुटला की सर्वांचे ओरडणे त्याच्याच वाट्याला येते. तीन पासांच्या अटीत चेंडू फिरतो, पण बोट कोणा एकाकडे वळत नाही.

गोलकीपर ठेवूच नये. वर सांगितलेल्या अर्धवर्तुळात दोन्ही संघांतील कोणीही पाय ठेवायचा नाही, म्हणजे गोल लहान असूनही रखवालदाराशिवाय सुरक्षित राहतो. गोलकीपरची जागा हीच आपल्या शाळांत जाड मुलाची राखीव जागा बनली आहे, आणि ती जागाच नाहीशी केली की त्याला मैदानात यावेच लागते.

बदली खेळाडू घड्याळावर चालवावेत. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि दर तीन मिनिटांनी पुढच्या क्रमांकाच्या मुलाने बाहेर येऊन दुसऱ्याला आत पाठवावे. यामुळे दमलेल्या मुलाला ‘सर, मला बसवा’ असे सर्वांदेखत म्हणावे लागत नाही. बाहेर आलेल्याने मात्र खाली बसून न राहता मैदानाच्या कडेने सावकाश चालत राहावे.

संघ पाडताना दोन कप्तानांना निवड करू देऊ नये. हजेरीपटावरील सम-विषम क्रमांक किंवा जन्ममहिना घ्यावा आणि संघ दर आठवड्याला बदलावेत. शहराच्या पूर्व भागातील शाळांत घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले एकाच वर्गात असतात आणि खेळाच्या भरात प्रत्येक जण आपापल्या भाषेत ओरडतो, म्हणून पंचाने शिट्टीबरोबर हाताच्या ठरलेल्या खुणा वापराव्यात.

पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यात सामना खेळवू नये. मुलांना जोड्या करून पाच-सहा मीटरवर समोरासमोर उभे करावे, पायाच्या आतल्या बाजूने पास देणे आणि तळव्याने चेंडू थांबवणे शिकवावे, आणि मग चालत चालत पास देत मैदान पार करायला सांगावे. ३५ मिनिटांच्या तासात पाच मिनिटे सांधे मोकळे करणे, वीस मिनिटे चेंडू आणि शेवटी पाच मिनिटे ताकदीचे व्यायाम बसतात. उरलेली मिनिटे पाण्यात आणि ये-जा करण्यात जातात.

दुसऱ्या आठवड्यापासून चार-चार मिनिटांचे छोटे सामने घ्यावेत आणि मध्ये दोन मिनिटे थांबावे. मूल पेलू लागले की सामन्यांची लांबी आधी सहा आणि नंतर आठ मिनिटांपर्यंत न्यावी. पुरेशी मेहनत होते आहे की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. खेळताना मुलाला बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागलेला असावा. दोन शब्दही सलग बोलता येत नसतील तर त्याला कडेला आणून सावकाश चालवावे. लगेच बसवू नये, कारण एकदम थांबल्यावर भोवळ येऊ शकते. छातीत दुखते असे कोणी म्हणाले, तर मात्र खेळ बंद करून बसवावे आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा खेळवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम त्यात असावा. आठवड्यातले दोन-तीन पीटीचे तास त्याला पुरत नाहीत. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत पायरीवर बसून हात न टेकता उठणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, एका पायावर उभे राहून दुसऱ्याने चेंडू पुढे-मागे फिरवणे असे व्यायाम घ्यावेत. सूर्यनमस्कारातील उड्या मारून पाय मागे-पुढे नेण्याची सवय असेल तर तेथे पाऊल टाकत जाण्यास सांगावे. घरचा वाटा पालकांनी उचलावा : रिक्षातून शाळेच्या फाटकापाशी उतरणाऱ्या मुलाला एक चौक आधी उतरवता येते, आणि रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या किंवा विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलावाच्या परिसरात सगळ्या घराने मिळून चालता येते.

ऊन

सोलापुरात हा खेळ कोसळतो तो उन्हामुळे. फेब्रुवारी संपता संपता दुपार तापू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. जाड शरीरातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, त्यामुळे एकाच उन्हात ही मुले इतरांच्या आधी लाल होतात. दुपारच्या सत्राच्या शाळांनी होळीनंतर पीटीचा तास शेवटी न्यावा किंवा शाळा भरण्याआधीची वेळ घ्यावी. सकाळच्या सत्रात नऊच्या आत खेळ आटोपावा. दर दहा मिनिटांनी सर्वांना शिट्टी देऊन पाणी प्यायला लावावे, तहान लागली का असे विचारत बसू नये. नळाला पाणी रोज येत नाही अशा वस्तीतील शाळेने तासाच्या दिवसाची पिंपे आदल्या संध्याकाळी भरून ठेवावीत. डोके दुखणे, मळमळ, अंगावर शहारे येणे ही लक्षणे दिसली की मुलाला कडुलिंबाच्या सावलीत न्यावे, बूट-मोजे काढावेत आणि ओल्या कापडाने मान, काखा पुसाव्यात. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर अंगावर पाणी ओतत राहावे आणि १०८ वर फोन करावा. त्याच्या तोंडात पाणी घालू नये.

जानेवारीची हवा या खेळाला सर्वांत चांगली, पण होम मैदानावर खेळणाऱ्या शाळांची जागा त्याच सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जाते. तेवढ्या दिवसांत वर्गाच्या ओसरीवर जोडीजोडीने पास देण्याचा सराव चालू ठेवावा, खंड पडू देऊ नये.

वजनकाटा आणि टोपणनावे

मैदानावर किंवा वर्गात कोणाचेही वजन करू नये. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन कमी होणेच आवश्यक असते असे नाही. वजन तेवढेच राहून उंची वाढली तरी अनेकांची स्थिती सुधारते, आणि यातला फरक डॉक्टरच सांगू शकतात. दर आठवड्याला काट्यावर उभे केलेले मूल आकडा हलला नाही की खेळावरच रुसते. शिक्षकाने वहीत दोनच गोष्टी टिपाव्यात : मूल तासाला आले का, आणि विश्रांती न मागता किती मिनिटे खेळले. दुसऱ्या रकान्यातील आकडा काही आठवड्यांत वाढू लागतो आणि तो मुलाला दाखवण्यासारखा असतो.

‘ढब्बू’, ‘जाड्या’, ‘पिंप’ ही नावे मैदानावर बंद म्हणजे बंद. न धावण्याच्या नियमासारखाच हाही खेळाचा नियम आहे असे जाहीर करावे आणि असे नाव घेणाऱ्याच्या संघाकडून चेंडू काढून घ्यावा. शिक्षकांनीही कौतुक म्हणून ‘बघा, एवढा असून कसा खेळतो’ असे बोलू नये.

जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून वेफर्सची पाकिटे किंवा थंड पेयाची बाटली देण्याची पद्धत असेल तर ती बदलून पुढच्या तासाचे पंचपद द्यावे. मुलांना शिट्टी हातात मिळण्याचे अप्रूप फार असते. डब्याविषयी शाळेने पालकांना एवढेच सांगावे, की भाकरी, भाजी, डाळ, शेंगाची चटणी हा घरचा डबा ठीक आहे आणि मुलाला उपाशी ठेवू नये. आहार मोजून-मापून कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

दोन-तीन महिन्यांनी काही मुले स्वतःहून विचारतील की आता धावू का. गुडघा-खुबा दुखत नसेल आणि आठ मिनिटांचे तीन सामने ती सहज खेळत असतील, तर त्यांना लगोरीसारखा थोडे थोडे धावण्याचा खेळ वेगळ्या दिवशी द्यावा. चालत्या फुटबॉलच्या मैदानात मात्र बंदी कायम ठेवावी, कारण तेथे नुकतीच आलेली मुले त्या बंदीच्या भरवशावर आलेली असतात. मे महिन्याच्या सुट्टीत ऊन उतरल्यावर गल्लीत दोन विरुद्ध दोन खेळता येते. जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलांचे पाय वाढलेले असतात, तेव्हा पहिल्या तासाला चेंडू बाहेर काढण्याआधी सर्वांचे बूट एकदा अंगठ्याने दाबून पाहावेत.